एकच स्किल चार असिस्टंटना पुरवायचं तर: व्हर्सेलच्या स्किल्स टूलबद्दल

क्लॉड कोड, कोडेक्स, कर्सर, जेमिनी सीएलआय या कोड लिहिणाऱ्या एआय असिस्टंटपैकी दोन जरी एकाच प्रोजेक्टवर चालवत असाल आणि प्रत्येकाची स्किल्स वेगवेगळ्या फोल्डरमध्ये सांभाळत बसला असाल, तर व्हर्सेल या कंपनीचं 'स्किल्स' नावाचं कमांड लाइन टूल लावून घ्या. फुकट आहे, ओपन सोर्स आहे, मशीनवर नोड (जावास्क्रिप्ट चालवणारा प्रोग्रॅम) असलं की झालं, आणि जेवढं काम अंगावर घेतं तेवढं व्यवस्थित करतं. पण ते नेमकं काय करतं आणि काय करत नाही हे आधी डोक्यात स्पष्ट हवं, कारण याबद्दल जे काही वाचायला मिळतं त्यात 'एकदा इंस्टॉल करा, सगळीकडे सारखं चालेल' असा सूर असतो. इंस्टॉल सगळीकडे होतं, सारखं चालणं हा वेगळा विषय आहे आणि मला खरं त्याच्याबद्दलच लिहायचंय.

आधी ज्यांना स्किल हा प्रकारच नवीन आहे त्यांच्यासाठी थोडक्यात. क्लॉड बनवणाऱ्या अँथ्रोपिकने १६ ऑक्टोबर २०२५ ला एजंट स्किल्स आणली आणि १८ डिसेंबर २०२५ ला तो फॉरमॅट ओपन स्टँडर्ड म्हणून सगळ्यांना खुला केला. स्किल म्हणजे एक फोल्डर. त्यात स्किल डॉट एमडी नावाची फाइल, फाइलच्या डोक्यावर दोन गोष्टी सक्तीच्या, नेम आणि डिस्क्रिप्शन, आणि खाली साध्या मार्कडाउनमध्ये सूचना. सोबत हव्या तर स्क्रिप्ट, टेम्प्लेट, संदर्भाच्या फाइल्स. यातली खरी हुशारी अशी की सेशन सुरू होताना असिस्टंट फक्त नेम आणि डिस्क्रिप्शन वाचतो, त्या विषयाचं काम निघालं की मग आख्खी फाइल उघडतो, आणि सोबतच्या फाइल्स त्याच्याही नंतर, लागल्या तरच. त्यामुळे भरपूर स्किल्स ठेवली तरी कॉन्टेक्स्ट, म्हणजे असिस्टंट एका वेळी जेवढा मजकूर समोर ठेवू शकतो ती जागा, भरून जात नाही. नेमला ६४ अक्षरांची मर्यादा, डिस्क्रिप्शनला १०२४, आणि फोल्डरचं नाव आणि आतलं नेम एकच असायला हवं. एवढंच व्याकरण आहे.

आता फॉरमॅट एक झाला पण पत्ते एक झाले नाहीत. क्लॉड कोड बघतो डॉट क्लॉड या फोल्डरच्या आतल्या स्किल्समध्ये. कोडेक्स बघतो डॉट एजंट्सच्या आतल्या स्किल्समध्ये. जेमिनी सीएलआयचा स्वतःचा डॉट जेमिनी आहे पण तो डॉट एजंट्सही मानतो. कर्सरचा डॉट कर्सर, वर डॉट एजंट्स, वर सोयीसाठी क्लॉड आणि कोडेक्सच्या फोल्डरमध्येही डोकावतो. गिटहब कोपायलटचं डॉट गिटहबमध्ये. आणि हे सगळं दोन पातळ्यांवर, एकदा प्रोजेक्टमध्ये आणि एकदा होम डिरेक्टरीत, म्हणजे मशीनवरच्या तुमच्या स्वतःच्या फोल्डरमध्ये. मग व्हायचं काय, तर एक चांगलं स्किल लिहिलं की माणूस ते कॉपी करून चार ठिकाणी टाकतो, पुढच्या आठवड्यात एका ठिकाणी सुधारणा करतो, आणि महिन्याभराने चार असिस्टंट एकाच प्रश्नाला चार तऱ्हेची उत्तरं देतात आणि मॉडेलला दोष दिला जातो. मॉडेलची काहीच चूक नसते, त्याच्यासमोर जुना कागद असतो.

हे टूल नेमकं इथे उपयोगी पडतं. टर्मिनलमध्ये एनपीएक्स स्किल्स ॲड असं लिहून पुढे रेपोचा (गिटमध्ये ठेवलेल्या प्रोजेक्टचा) पत्ता द्यायचा, गिटहबचा असेल तर मालकाचं नाव आणि रेपोचं नाव एवढं पुरतं, गिटलॅबचा चालतो, कुठलाही गिटचा पत्ता चालतो, तुमच्याच मशीनवरचा फोल्डरही चालतो. मग ते रेपोतली स्किल्स शोधून यादी दाखवतं, कुठली हवीत ते टिक करायचं, मग विचारतं कुठल्या असिस्टंटसाठी, मग विचारतं या प्रोजेक्टपुरतं की ग्लोबल, आणि शेवटचा प्रश्न असतो सिमलिंक की कॉपी. बाकीचे प्रश्न सोयीचे आहेत, हा शेवटचा महत्त्वाचा. सिमलिंक निवडलं की खरा फोल्डर एकाच जागी राहतो, डॉट एजंट्समध्ये, आणि बाकीच्या असिस्टंटच्या फोल्डरमधून तिकडे बोट दाखवणाऱ्या लिंक होतात. म्हणजे फाइल एकच, दारं चार. एका अक्षराचा बदल केला की सगळ्यांना तोच दिसणार. कॉपी निवडलं की पुन्हा चार सुट्ट्या प्रती आणि पुन्हा तेच रडगाणं, तेव्हा खास कारण असल्याशिवाय कॉपीच्या वाटेला जाऊ नका.

यात जादू काही नाही, लिंक बनवणारी एलएन कमांड ज्यांना येते ते हे हाताने करू शकतात आणि बरेच जण करतातही, पण प्रत्येक नवीन असिस्टंटचा पत्ता लक्षात ठेवणं, नवीन माणूस टीममध्ये आला की त्याच्या मशीनवर परत सगळं उभं करणं, नको असलेलं स्किल काढताना सगळ्या लिंक शोधून काढणं, हे कंटाळवाणं काम आहे आणि कंटाळवाणं काम माणूस टाळतो. लिस्ट म्हटलं की काय काय लागलंय ते दिसतं, रिमूव्ह म्हटलं की निघतं, अपडेट म्हटलं की मूळ रेपोतून नवीन आवृत्ती येते, इनिट म्हटलं की नव्या स्किलचा सांगाडा तयार मिळतो. ॲडला लिस्टचा पर्याय जोडला तर इंस्टॉल न करता आत काय आहे एवढंच दाखवतं, तो मला फार आवडतो, नवीन रेपो बघताना मी आधी तोच चालवतो.

आम्ही टीममध्ये जी पद्धत बसवलीय ती सांगतो. आमचं काम छोट्या व्यापाऱ्यांच्या बिलिंगचं. आमच्या सगळ्या स्किल्सचा एक स्वतंत्र गिट रेपो आहे, त्यात फक्त स्किल्स, दुसरं काही नाही. बदल करायचा तो तिथेच, पुल रिक्वेस्ट टाकून, दुसऱ्याने वाचून मगच मर्ज. कोडला जो मान देतो तोच स्किलला, कारण असिस्टंट लिहिणार आहे ते त्याच्या जोरावरच. आणि प्रोजेक्टमध्ये स्किल येतं ते या टूलने त्या रेपोतून. इंस्टॉल झालेल्या फोल्डरमध्ये कोणी हात घालायचा नाही, अपडेट शेवटी मूळ रेपोतलंच आणणार. हा नियम जरा कडक वाटतो पण त्याचा फायदा जीएसटीवाल्यांना लगेच कळेल. २२ सप्टेंबर २०२५ ला दर बदलले, बहुतेक वस्तूंसाठी १२ आणि २८ टक्क्यांचे स्लॅब गेले, ५ आणि १८ मुख्य राहिले आणि मोजक्या वस्तूंसाठी ४० चा आला. असा बदल पुन्हा येणार हे नक्की, आणि तो आला की एक फाइल बदलायची की प्रत्येक प्रोजेक्टमधल्या प्रत्येक असिस्टंटच्या कोपऱ्यात शोधत फिरायचं, एवढाच प्रश्न आहे.

आता जे टूल करत नाही त्याकडे येतो.

पहिली गोष्ट, नावांची टक्कर. समजा एकाच नावाचं स्किल तुमच्या होम डिरेक्टरीतही आहे आणि प्रोजेक्टमध्येही आहे. क्लॉड कोडमध्ये वैयक्तिक स्किल प्रोजेक्टच्या स्किलवर मात करतं, आणि कंपनीने लावलेलं असेल तर ते सगळ्यांच्या वर. जेमिनी सीएलआयमध्ये बरोब्बर उलट, प्रोजेक्टमधलं जिंकतं आणि वैयक्तिक मागे पडतं. कोडेक्स म्हणतो मी कोणालाच मागे टाकत नाही, दोन्ही यादीत दिसतात. म्हणजे तीन असिस्टंट, तीन न्याय, आणि फाइल्स सगळ्या आपापल्या जागी नीट लागलेल्या असतानाही उत्तरं वेगळी. लिंक कितीही बरोबर असल्या तरी हे सुटत नाही. उपाय एकच, नावातच फरक ठेवायचा. टीमच्या स्किल्सना टीमचं छोटं उपपद पुढे लावायचं आणि स्वतःच्या स्किल्सना स्वतःचं, म्हणजे टक्कर होतच नाही. हे पहिल्या दिवशी ठरवा, नंतर नावं बदलत बसणं फार जिवावर येतं.

दुसरी गोष्ट, प्रत्येक असिस्टंटची स्वतःची बोली. स्टँडर्डमध्ये जेवढं आहे तेवढं सगळ्यांना कळतं, पण प्रत्येकाने त्यावर आपापली भर घातली आहे. क्लॉड कोडमध्ये स्किल स्लॅश लावून नावाने बोलावता येतं, त्याला आर्ग्युमेंट देता येतात, फाइलमध्येच शेल कमांड लिहून तिचं उत्तर आधीच भरून घेता येतं. कोडेक्समध्ये डॉलरचं चिन्ह लावून नाव घ्यायचं. 'मी सांगितल्याशिवाय हे स्किल आपणहून वापरू नकोस' हे क्लॉड कोडला स्किल डॉट एमडीच्या डोक्यावरच सांगायचं असतं आणि कोडेक्सला त्याच फोल्डरमध्ये वेगळ्या यामल फाइलमध्ये. आता क्लॉड कोडसाठीची शेल कमांडवाली ओळ कोडेक्सपुढे गेली तर तो ती चालवून देणार नाही, त्याच्या दृष्टीने तो नुसता मजकूर. डिप्लॉयसारखं, म्हणजे कोड थेट चालू सर्व्हरवर टाकणारं स्किल असेल तर हा फरक गंभीर आहे, कारण एकाकडे ते कुलूपबंद आणि दुसऱ्याकडे दार सताड उघडं असं होऊ शकतं. म्हणून जे स्किल सगळ्यांना द्यायचंय त्यात कुठल्याही एका असिस्टंटची खास सोय वापरायची नाही, आतल्या टूलची नावं घ्यायची नाहीत, 'अमुक फाइल वाच', 'अमुक स्क्रिप्ट चालव' असं साधं लिहायचं. आणि जे धोक्याचं आहे ते सगळ्यांना द्यायचंच नाही, इंस्टॉल करताना असिस्टंट निवडता येतो ना, मग ते एकालाच द्यायचं आणि त्याच्या पद्धतीने नीट कुलूप लावायचं.

तिसरी गोष्ट सगळ्यात मोठी आणि तिच्याबद्दल सगळ्यात कमी बोललं जातं. डिस्क्रिप्शन. स्किल उघडायचं की नाही हे असिस्टंट त्या दोन-तीन ओळींवरून ठरवतो, त्याच्याकडे त्या क्षणी दुसरं काहीच नसतं. आमचं रकमेचं स्किल बघा. त्यात लिहिलंय की रक्कम दाखवताना लाख-कोटीचे स्वल्पविराम हवेत, १,२३४,५६७ नाही तर १२,३४,५६७. जावास्क्रिप्टमध्ये इंटल नंबरफॉरमॅटला इंग्रजी-भारत लोकेल (भाषा आणि प्रदेशाची खूण) दिलं की हे आपोआप होतं, पण मराठी-भारत दिलं की आकडेसुद्धा देवनागरी होतात, आणि काही व्यापाऱ्यांना मजकूर मराठी हवा असतो पण आकडे इंग्रजी, तर त्यासाठी लोकेलच्या शेपटीला यू, एनयू, एलएटीएन जोडावं लागतं. सोबत एक छोटी पायथन स्क्रिप्ट आहे, जीएसटी नंबरची पंधरा अक्षरं तपासणारी, पहिले दोन आकडे राज्याचे, महाराष्ट्र २७, गोवा ३०, पुढची दहा अक्षरं पॅनची, आणि शेवटचं चेक डिजिट. विकणारा आणि घेणारा दोघांचं राज्य तेच तर सीजीएसटी आणि एसजीएसटी अर्धा अर्धा, राज्य बदललं की आयजीएसटी, हेही त्यात आहे. आतला मजकूर असा भरभक्कम. पण डिस्क्रिप्शन काय होतं, तर 'भारतीय रकमा आणि कराचे नियम'. बरोबर आहे, पण त्यात कधी वापरायचं ते नाही. कोणी म्हणालं की इन्व्हॉइसच्या पानावर टोटल दाखव, तर एक असिस्टंट अंदाजाने स्किल उघडायचा आणि दुसरा सरळ अमेरिकन स्वल्पविराम टाकून मोकळा व्हायचा.

आता तिथे असं लिहिलंय: 'बिल, इन्व्हॉइस, रिपोर्ट किंवा पीडीएफमध्ये रुपयांची रक्कम दाखवायची, टोटल काढायची, कर मोजायचा किंवा जीएसटी नंबर तपासायचा असेल तेव्हा वापर. स्क्रीनवरची कुठलीही पैशाची संख्या यात येते.' म्हणजे काय आहे हे एका दमात आणि कधी लागेल ते माणूस ज्या शब्दांत काम सांगतो त्या शब्दांत. हा बदल केल्यावर असिस्टंटमधला फरक जेवढा कमी झाला तेवढा कुठल्याही टूलने केला नसता. आणि एक सवय लावून घ्या, स्किल बदललं की दोन-तीन ठरलेली वाक्यं, म्हणजे कोणी ऑफिसात खरंच बोलेल तशी, प्रत्येक असिस्टंटच्या नवीन सेशनमध्ये टाकून बघायची आणि स्किल उघडलं का ते बघायचं. टूलमध्ये याची सोय नाही, ती कोणी आणली तर मी आनंदाने वापरेन. डिस्क्रिप्शन मराठीत लिहिलं तरी चालतं, पण आमच्या टीममध्ये कामं मिसळून सांगितली जातात, इन्व्हॉइस, टोटल, टॅक्स हे शब्द बोलण्यात असतातच, म्हणून आम्ही ते मुद्दाम ठेवतो.

विंडोजवाल्यांसाठी एक वेगळा परिच्छेद लिहायलाच हवा. सिमलिंक गिटमध्ये कमिट केल्या आणि विंडोजवर रेपो क्लोन केला, तर गिटची सिमलिंकची सेटिंग बंद असल्यास फोल्डरच्या जागी एक चिमुकली टेक्स्ट फाइल येते आणि तिच्या आत फक्त मूळ फोल्डरचा पत्ता लिहिलेला असतो. असिस्टंटला ते स्किल दिसतच नाही, एरर पण येत नाही, नुसती शांतता. डेव्हलपर मोड चालू करून आणि गिटची सेटिंग बदलून हे सुटतं, पण प्रत्येकाला ते करायला लावण्यापेक्षा सोपा मार्ग म्हणजे लिंक कमिटच करायच्या नाहीत. डॉट एजंट्समधला खरा फोल्डर कमिट करा, बाकीच्या लिंकवाल्या जागा गिटइग्नोरमध्ये टाका आणि ज्याने त्याने आपल्या मशीनवर टूल चालवून लिंक करून घ्यायच्या. ऑफिसात मॅक, लिनक्स, विंडोज असं सगळं असेल तर यात भांडण मिटतं.

या टूलसोबत एक डिरेक्टरी पण आहे, स्किल्स डॉट एसएच, जिथे सगळ्यांची स्किल्स शोधता येतात आणि किती वेळा इंस्टॉल झाली त्यावर क्रम लागतो. बघायला छान आहे, रिॲक्ट वगैरेसाठी चांगली स्किल्स मिळतात. पण तिथल्या क्रमाला गुणवत्तेचा शिक्का समजू नका. स्किल म्हणजे तुमच्या असिस्टंटला दिलेल्या सूचना आणि सोबत स्क्रिप्ट, आणि त्या चालणार तुमच्या मशीनवर, तुमच्या परवानग्यांनी, तुमच्या की आणि पासवर्ड जिथे पडलेत तिथेच. अनोळखी रेपोतलं स्किल लावायच्या आधी स्किल डॉट एमडी आणि आतली प्रत्येक स्क्रिप्ट डोळ्यांखालून घालायचीच, आणि अपडेट केल्यावर काय बदललं तेही, कारण आज साधं असलेलं स्किल उद्याच्या अपडेटमध्ये वेगळं असू शकतं. म्हणून आम्ही बाहेरचं स्किल आवडलं तर लायसन्स बघून आमच्या रेपोत घेतो आणि तिथून इंस्टॉल करतो, थेट बाहेरून नाही. इंस्टॉलचे आकडे टूल स्वतः निनावी टेलिमेट्रीतून गोळा करतं, ते नको असेल तर डिसेबल टेलिमेट्री हा एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल १ करून ठेवा. क्लायंटच्या मशीनवर काम करत असाल तर हे आधी करा.

अजून एक, सगळंच स्किलमध्ये कोंबू नका. प्रोजेक्ट कसा चालवायचा, टेस्ट कुठल्या कमांडने, ब्रँचची नावं कशी, हे प्रत्येक कामात लागतं, ते एजंट्स डॉट एमडीमध्ये जावं, ती फाइल कोडेक्स, कर्सरसारखे बरेच असिस्टंट वाचतात आणि क्लॉड कोडसाठी क्लॉड डॉट एमडीमधून तिचा उल्लेख करता येतो. कधीतरी लागणारं, पण लागलं की नेमकं हवं असणारं ज्ञान, ते स्किल. ही वाटणी नीट झाली की स्किल्सची संख्या आपोआप कमी होते आणि डिस्क्रिप्शन एकमेकांच्या पायात येत नाहीत. पुष्कळ स्किल्स लावून ठेवलेले फोल्डर मी बघितलेत, त्यातली दोन-तीन एकाच विषयाची असतात आणि असिस्टंट दर वेळी वेगळं उचलतो, माणसाला वाटतं हा लहरी आहे.

कोणी घ्यावं? एकटेच असाल आणि एकच असिस्टंट वापरत असाल तर गरज नाही, फोल्डर हाताने ठेवा. दोन असिस्टंट असतील आणि दोन्ही डॉट एजंट्स वाचणारे असतील, कोडेक्स आणि जेमिनीसारखे, तरी एका फोल्डरवर भागतं. क्लॉड कोड सोबत आला, किंवा टीम दोन-तीन जणांच्या वर गेली, किंवा प्रोजेक्ट अनेक झाले की हे टूल लावाच. माझ्याकडून पाचात चार. पाचवा स्टार ज्या दिवशी ते इंस्टॉल करताना म्हणेल की याच नावाचं स्किल तुमच्या होम डिरेक्टरीत आधीच आहे आणि अमुक असिस्टंट ते उचलणार, आणि स्किलमधल्या या ओळी फक्त एकाच असिस्टंटला कळतील, त्या दिवशी लगेच देईन. तोवर वरची तिन्ही कामं, नावं, बोली आणि डिस्क्रिप्शन, पुल रिक्वेस्ट वाचणाऱ्या माणसाने बघायची.